उजवा पाय

"पप्पा, आई गाडी चालवायची तेव्हा तुम्ही कुठे बसायचात?"

विचारलं एकदाचं, आणि हर्षाली मोकळी झाली. गाडीखालच्या खड्ड्यातून येणारा पान्याचा खडखडाट थांबला. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. शनिवारी मधल्या सुट्टीत शुभांगी आणि आशाने तो तिच्या गळ्यात मारला होता. "तुझी आई? आणि व्हॅन? चल, काहीही!" म्हणून आशा डबा खाता खाता ठसकली होती, आणि शुभांगीला तर सूर्य उगवला याचाही पुरावा लागतो, ती म्हणाली होती, "आमचे पप्पा मम्मीला स्कूटीवरसुद्धा पुढे बसू देत नाहीत. तुझे पप्पा तर मेकॅनिक. बायको स्टेअरिंगवर, मग हे कुठे, टपावर? विचारून दाखव. नाही विचारलंस तर सोमवारी प्रार्थना झाल्यावर सगळ्या शाळेसमोर कोंबड्यासारखं आरवायचं." हर्षालीला आरवायची मुळीच भीती नव्हती. गॅदरिंगला सूत्रसंचालन केल्यापासून तिला कसलीच भीती राहिली नव्हती. माईक हातात आला, समोरच्या काळोखातून टाळ्या आल्या आणि आतल्या कुठल्यातरी बंद खिडकीची कडी निघाली, ती अजून लागली नव्हती. आता ती रिक्षावाल्यांशी भांडायची, मुख्याध्यापकांना थांबवून प्रश्न विचारायची, आरशात स्वतःला शाबासकी द्यायची. त्यामुळे रविवारी सकाळी गॅरेजच्या खड्ड्याशी उकिडवी बसून तिने प्रश्न बिनधास्त टाकला होता आणि उत्तर ऐकून हसायची तयारीही करून ठेवली होती.

"मागे," खालून पप्पांचा आवाज आला. पाना पुन्हा एकदा खडखडला. "पोत्यांवर."

"पोत्यांवर? पुढे सीट होती की!"

"पुढं बसलो की माझा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. तुझी आई चिडायची. म्हणायची, एकतर गाडी मी चालवीन, नाहीतर तुमचा पाय."

ठरवल्याप्रमाणे हर्षाली हसली, पण हसू मध्येच कुठेतरी अडकलं. पोत्यांवर. त्या शब्दाला नागलीच्या भुश्शाचा वास होता, आणि तो वास नाकात शिरला तशी समोरची व्हॅन, जॅकवर उचललेली, चाकांच्या जागी लाकडाचे ठोकळे लावलेली, धुळीने मळकट पांढरी झालेली, हळूच हलल्यासारखी झाली. ही व्हॅन मूळची लष्कराच्या कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबांची. परदेशातून जहाजाने आलेली, आणि तिला क्लच नव्हताच. आपले गिअर ती आपणच बदलायची. साहेब गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ती पप्पांना जवळजवळ भंगारातच दिली, आणि पप्पांनी अंगणात आणून उभी केली तेव्हा आई साडीला हात पुसत बाहेर आली, दार उघडून आत वाकली, खाली दोनच पेडल पाहिले आणि म्हणाली, "अहो, डाव्या पायाला यात काही कामच नाही." लहानपणी पोलिओ झालेला तिचा डावा पाय गुडघ्याखाली वाळलेल्या शेंगेसारखा होता. त्याला ती हाताने उचलून गाडीत घ्यायची, एखादं झोपलेलं मूल बाजूला सरकवावं तसं सरकवायची, आणि मग सगळं काम उजव्याचं. "जपानातून निघाली तेव्हाच ही माझ्यासाठी निघाली होती," असं ती कॅम्पाच्या बाजारात नागलीचे पापड आणि हरसूलचा तांदूळ विकताना जवानांच्या बायकांना सांगायची, आणि त्या बायका, कुणी पंजाबातली, कुणी केरळातली, माना डोलवायच्या. दर आठवड्याला हरसूलचा बाजार. तिथे नागली-तांदूळ विकणारी भागीबाई झाडाखाली पोती भरून वाट पाहत असायची. गाडी शेजारी येऊन थांबली तरी तिला पत्ता लागायचा नाही, आणि मग ती दचकून म्हणायची, "बाई, लय मऊ हाय तुमची गाडी. मांजरावानी येती." परतीच्या वाटेवर हर्षाली पोत्यांवर उताणी पडलेली असायची. मागच्या काचेतून आभाळ पायांकडून डोक्याकडे नाही, तर उलटं, डोक्याकडून पायांकडे वाहत जायचं. झटका नाही, हिसका नाही. पाण्यावरून ओढलं जात असल्यासारखं ते जाणं. आणि तिथेच, तिच्या पायाशी, गुडघे छातीशी घेऊन पप्पा बसलेले असायचे. हे ती विसरलीच होती. इतका मोठा माणूस, सगळ्या रस्त्यावर ज्याला सोमनाथ मिस्त्री म्हणून ओळखतात तो, पोत्यावर पोरासारखा बसलेला, आणि पुढे आरशात आईचं कपाळ.

"हर्षू, झोपलीस का? व्हिडिओ लाव पुढचा."

तिने मोबाइल उघडला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवायचा व्हिडिओ इंग्रजीत होता, आणि तो मराठीत सांगायचं काम तिचं होतं. पप्पांनी जीप, ट्रॅक्टर, टेम्पो यांचे गिअरबॉक्स झोपेतसुद्धा उतरवले असते. पण हा वेगळा. गाडी ताडपत्रीखाली इतकी वर्षं उभी होती, कारण तो उघडायला कुणी धजावत नव्हतं. आता मंडपवाल्या दीपकशेठला व्हॅन हवी होती, मात्र साध्या गिअरची. "माझी पोरं ऑटोमॅटिक चालवणार? डाव्या पायानं ब्रेक मारून मला काचेतून बाहेर काढतील," असं तो म्हणाला होता. म्हणून भंगारातून साधा गिअरबॉक्स आणून ठेवला होता, क्लचचं पेडलही आणलं होतं. हा काढायचा, तो घालायचा, मंगळवारी गाडी दीपकशेठची. आणि त्या पैशातून हर्षालीची पुण्याच्या क्लासला ॲडमिशन, अकरावी-बारावी, होस्टेल, शुभांगी आणि ती एका खोलीत. पडद्यांचा रंगसुद्धा दोघींनी ठरवला होता.

"आधी तेल काढायचंय," ती म्हणाली. "खालचा ट्रे सोडा. तो म्हणतोय तेल लाल असतं, पातळ असतं. काळपट असेल तर आतलं जळालंय."

लाल. हो, लालच होतं. पहिल्या दिवशी पप्पांनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढली होती तेव्हा तिच्या टोकाला कोकमाच्या सरबतासारखा थेंब लोंबत होता आणि हर्षालीने जीभ बाहेर काढून तो चाटायचं नाटक केलं होतं. ते आठवत असतानाच खाली ट्रे सुटला, आणि जे पडलं ते सरबत नव्हतं. ते सावकाश पडलं. काळं, जाड, काकवीसारखं, धार न तुटता, स्वतःभोवती वळत पातेल्यात जमा झालं, आणि वर आलेल्या उन्हात त्याच्यात चांदीचा चुरा चमकला. मग वास आला. जळका होता, पण जळक्याच्या आत अजून एक होता, उग्र, गंधकासारखा, आणि तो तिला इतका ओळखीचा होता की क्षणभर तिला मायाच वाटली. पप्पांच्या शर्टाचा वास. त्यांच्या कुशीत झोपताना येणारा, कितीही धुतलं तरी न जाणारा, जीप-ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सात घालतात त्या नव्वद नंबरच्या तेलाचा. हा इथे कसा, असं तिच्या मनात आलं. रेल्वेच्या फलाटावर अचानक घरातलं माणूस दिसावं तसं. तिने वाकून खाली पाहिलं. पप्पा पातेल्याकडे बघत होते. मग त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, पातेल्यावर पसरलं, नीट, चारी बाजूंनी ओढून, आणि पातेलं पायाने कोपऱ्यात सरकवलं.

"पुढं काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं.

पुढे जोडणाऱ्या दांड्या निघाल्या, तेलाच्या नळ्या निघाल्या, स्टार्टर निघाला. दूर कॅम्पाच्या मैदानावर तोफांचा सराव सुरू झाला होता. धप्प, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा धप्प, आणि प्रत्येक वेळी गॅरेजच्या पत्र्याला बारीक कंप. हर्षालीही खड्ड्यात उतरली. एका टोकाला ती, दुसऱ्याला पप्पा, मध्ये गाडीचं काळं पोट. गिअरबॉक्सच्या तोंडाशी तेलाने भरलेला एक जड गोल डबा असतो, कन्व्हर्टर. तो इंजिनाला बोल्टांनी बांधलेला असतो, आणि एका लहानशा खिडकीतून एका वेळी एकच बोल्ट दिसतो. पुढून कुणीतरी इंजिन हाताने फिरवायचं, म्हणजे पुढचा बोल्ट खिडकीत येतो. फिरवायचं तिच्याकडे आलं. लांब दांड्याचा पाना दोन्ही हातांनी धरून तिने जोर लावला आणि इतकी वर्षं गप्प असलेलं इंजिन आतून, झोपेत कूस बदलावी तसं, वळलं.

"फिरव… फिरव… बस." पाना कुरकुरला. "फिरव."

त्या लयीत तिचं मन सुटलं आणि स्वतःही फिरायला लागलं. फिरव. हरसूलचा चढ. त्र्यंबकच्या पुढचा तो शेवटचा, सागाच्या झाडांमधला. बस. आई म्हणाली होती, आज गाडी जड जातेय. फिरव. मग इंजिनाचा आवाज चढला, चढतच गेला, ओरडायला लागलं इंजिन, आणि गाडी पुढे जाईना. पोत्यांवर उताणी पडलेल्या हर्षालीला गंमत वाटली होती: मागच्या काचेतली झाडं नेहमी दूर जातात, ती आज जवळ येत होती. एक साग तर अगदी काचेला नाक लावून बघायला आला. मग पप्पांनी तिला छातीशी ओढलं, मग धाडकन् आवाज, मग काचेवर सागाची पानं, आणि सगळं थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पण आई सीटवरून उतरली नाही. ती साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन आपल्या उजव्या पायाकडे पाहत होती, धडधाकट, भरदार, आयुष्यभर दोघांचं काम एकट्याने केलेल्या पायाकडे. "मी ॲक्सिलरेटर दाबत होते," ती म्हणत होती. "मला वाटत होतं मी दाबतेय. हाही गेला. अहो, आता हाही गेला." डॉक्टरांनी पाय ठोकून पाहिला, ठणठणीत आहे म्हणून सांगितलं, आई म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय, दगा मला दिलाय त्याने. त्यानंतर ती स्टेअरिंगला शिवली नाही. हरसूल सुटलं, कॅम्पाचा बाजार सुटला. ती घरात फॉल-पिको करत बसायची आणि चालताना भिंत सोडायची नाही. घराच्या भिंतींवर तिच्या हाताच्या उंचीला एक मळकट रेघ उमटली, स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत आणि तिथून दारापर्यंत, आणि हर्षाली त्या रेघेबरोबरच वाढली, तिच्यापेक्षा उंच झाली.

"बस," पप्पा म्हणाले. "फिरव."

आणि मग खिडकीत पुढचा बोल्ट यावा तसं ते आलं. हरसूलच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. अंगण. पप्पा शीळ घालत होते. गाडीखालून लाल तेल डब्यात पडत होतं. "हे बघ, पाणी झालंय नुसतं," ते म्हणत होते. "असल्या पाणचट तेलावर गिअरचे दात टिकतात होय? साहेबाच्या ड्रायव्हरला अक्कलच नव्हती. आईला घाट चढायचाय उद्या. आपण तिला चांगलं घट्ट घालू." आणि त्यांनी आपल्या कपाटातला सगळ्यात भारी डबा फोडला होता, गिऱ्हाइकांसाठीसुद्धा जपून वापरायचे तो. मधासारखं तेल नरसाळ्यातून इतकं हळू उतरत होतं की धरून धरून हात भरून आला. नरसाळं धरलं होतं हर्षालीने. पप्पा म्हणाले होते, शाब्बास.

तिचा पाना थांबला. गाडीच्या पोटाखालून, दांड्यांच्या आणि नळ्यांच्या मधून, तिला पप्पांचे डोळे दिसले, आणि त्यांना तिचे. तोफ उडाली. पत्रा थरथरला. बोलायला हवं होतं. हे एवढंच वाक्य होतं, की पप्पा, तेल आपण चुकीचं घातलं, म्हणून गाडी मागे आली, आईचा पाय नव्हता चुकला. गॅदरिंगला हजार माणसांसमोर तिने न अडखळता बोलून दाखवलं होतं, आणि इथे एका माणसासमोर जीभ टाळूला चिकटून बसली. खिशात मोबाइल थरथरला. शुभांगी: "विचारलंस का?? की कोंबडा?? 🐓" तिने तेलकट अंगठ्याने लिहिलं, "विचारलं", आणि "मग??" आलं त्याला उत्तर दिलं नाही.

दुपार व्हायच्या आत बोल्ट सगळे निघाले. गिअरबॉक्सखाली चाकांचा जॅक लावून पप्पांनी तो मागे ओढला, आणि एक ओला, सुटल्यासारखा आवाज होऊन तो इंजिनापासून वेगळा झाला. मोबाइलमधला माणूस अजून बोलतच होता. "पप्पा, तोंड वरच ठेवायचंय," हर्षाली म्हणाली. "खाली झुकवलं तर तो डबा घसरतो म्हणे."

"अगं, गिअरबॉक्स तोंडावरच उभा करतात. तो काय शिकवतोय मला," पप्पा म्हणाले, आणि सगळे गिअरबॉक्स उतरवल्यावर करायचे तसं त्यांनी, सवयीने, त्याला खड्ड्याबाहेर घेऊन तोंडावर कलतं केलं. क्लचवाल्या गाड्यांत आयुष्य काढलेल्या हातांना त्या तोंडाशी काही सुटं असेल हे ठाऊकच नव्हतं. जड डबा सुळकन घसरला, फरशीवर दणकन आदळला, गडगडत जाऊन आडवा पडला आणि त्याच्या पोटातलं उरलेलं तेल भळाभळा वाहायला लागलं. ते काळंकुट्ट, सावकाश, फरशीच्या उतारावरून दाराकडे निघालं. आणि दारात, एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने पोह्यांची ताटली धरून, आई उभी होती.

"हे काय सांडवलंत?" ती म्हणाली. तेल तिच्या चपलेशी येऊन थांबलं. हर्षालीला वाटलं, आई मागे सरेल. ती सरली नाही. तिने ताटली बाकड्यावर ठेवली, भिंतीला धरून वाकली, दोन बोटं तेलात बुडवली, अंगठ्यावर घासली आणि नाकाशी नेली. या घरात लग्न होऊन आल्यापासून ती पप्पांचे शर्ट धूत होती.

"हे नव्वदचं आहे."

तिने बोटं पुन्हा नाकाशी नेली.

"याच्यात लाल असायचं. पाण्यासारखं." ती बोटांकडेच बघत होती. "अहो, हे कधी घातलंत?"

पप्पांनी फडकं शोधलं. ते खड्ड्यात पातेल्यावर होतं. मग त्यांनी पँटलाच हात पुसले. "हरसूलच्या आदल्या दिवशी. म्हटलं, लांब जाणार. मला तेव्हा खरंच वाटलं, घट्ट तेल चांगलं."

"तेव्हा वाटलं. आणि नंतर?"

पप्पा पुसलेलेच हात पुन्हा पुसत राहिले. हर्षाली म्हणाली, "आई, नरसाळं मी धरलं होतं." पण आईने तिच्याकडे पाहिलं नाही. आईने साडी थोडी वर उचलली, अगदी त्या दिवशी उचलली होती तशी, चपलेतून उजवं पाऊल काढलं आणि फरशीवर टेकवलं. टाच रोवून तिने पुढचा पंजा हळूहळू खाली दाबला. सोडला. पुन्हा दाबला. घोट्याच्या शिरा ताठ झाल्या, पोटरी गोल होऊन वर सरकली. कितीतरी वेळ ती तसंच करत राहिली, लांबच्या कुठल्यातरी रस्त्यावर असल्यासारखी, आणि गॅरेजात त्या मऊ दाबण्याखेरीज काहीच घडत नव्हतं.

"इतकी वर्षं मी या पायाला काय काय बोलले," ती शेवटी म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. राग होता की हसू, तेही कळत नव्हतं. "रात्री चोळायची आणि शिव्या घालायची. घरचाच भेदी म्हणायची याला." मग तिने पदराने बोटं पुसली, चपलेत पाय घातला आणि एकदम रोजच्या आवाजात आली. "असो. उतरवलाय ना तो? मग घाला दुसरा. मंगळवारी दीपकशेठ यायचाय. पोरीची ॲडमिशन थांबलीय. मला काय आता, कुठे जायचंय मला."

"मी साफ करतो हे," पप्पा म्हणाले, कुणालाच नाही. "पोहे खा गं हर्षू."

हर्षालीने पोह्यांकडे पाहिलं, मग जॅकवरच्या गाडीकडे, तिच्या रिकाम्या पोटाकडे, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या क्लचच्या पेडलकडे. ते पेडल डाव्या पायासाठी होतं. आपल्या डोक्यातल्या खोलीतले पडदे तिला दिसले, पिवळे, खिडकीत फुगलेले, शुभांगी टेबलावर बसून तंगड्या हलवतेय, आणि ते सगळं तिला हवं होतं, अजूनही हवं होतं. तिने ते तिथेच, खिडकीत फुगलेलंच राहू दिलं. जीभ टाळूपासून सुटली.

"मी पुण्याला जाणार नाहीये."

"हर्षू, आत्ता नको," पप्पा म्हणाले.

"आत्ताच. अकरावी मी इथेच करणार, नाशकात. शुभांगीला मी सांगते. भांडेल ती, भांडू दे. तो दुसरा गिअरबॉक्स भंगारवाल्याला परत करा. हाच नीट करायचा, आणि नाहीच झाला तर असलाच दुसरा शोधायचा, मुंबईत, कुठेही, मी शोधेन. दीपकशेठचा फोन आला की मला द्यायचा, तुम्ही दोघांनी एक अक्षर बोलायचं नाही. आई, तुला चालवायची नसेल तर नको चालवूस, मी काही तुला उचलून बसवणार नाही. पण ती तुझी गाडी आहे, ती विकायची नाही. ठरलंय माझं."